मुंबई ते लंडन: अंतर आणि विमानाचा वेळ घरबसल्या कसा काढायचा

लंडनला निघालेल्या माणसाला घरचे दोन गोष्टी हमखास विचारतात: किती लांब आहे आणि किती वेळ लागतो. दोन्हीची उत्तरं फोनवर लगेच सापडतात, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. ती जुळवायची कशी, ते पाहू.

आधी अंतर काढा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना तिची ओढाताण झालेली असते. पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. गोलाचा घेर १०० सेंटिमीटर असेल, तर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर. दोरा १८ सेंटिमीटर भरतो, म्हणजे अंतर ७,२०० किलोमीटर. गंमत पाहा, पट्टीची रेघ सीरियाच्या आसपास जाते, तर दोरा कराची, इराण, कॅस्पियनचं दक्षिण टोक, काळा समुद्र असा वरच्या अंगाने जातो. गोल नसेल तर गुगल अर्थची मोजपट्टी हेच काम करते.

आता भागाकार. मोठं जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. ७,२०० भागिले ९००, उत्तर ८ तास. हा झाला नुसता पाया. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं आणि खाली उतरणं यांचा अर्धा तास त्यात धरा.

मग वाट तपासा, कारण विमान दोऱ्यावरून उडत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे एकाच शहराला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळांत फरक पडू शकतो. विमानं कुठून उडतात ते दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर आदल्या दिवशीच्या त्याच फ्लाइटचा मार्ग बघा, वळसा डोळ्यांना दिसतो. मी साधारण ३०० किलोमीटर जास्तीचे धरतो. वळसा मोठा दिसला तर त्याहून जास्त.

वारा विसरू नका. १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, थंडीत तर फारच. जाताना ते समोरून येतात. ताशी ५० किलोमीटर वजा केले, तर ७,५०० भागिले ८५० म्हणजे पावणेनऊ तासांच्या वर, अधिक तो अर्धा तास: सव्वानऊ-साडेनऊ. येताना तेच ५० मिळवा, साडेआठच्या आत-बाहेर. वेळापत्रकात कंपन्या यावर थोडी सूट ठेवतात.

शेवटी घड्याळ, आणि खरा घोळ इथेच होतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा, थंडीत मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ५.३० ला पोचणार. साडेचार तासांत लंडन? नाही. लंडन थंडीत साडेपाच तास मागे, म्हणून प्रवास १० तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचारच.

परतताना उलट. रात्री ८ ला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३० ला मुंबईत. साडेचौदातून साडेपाच गेले, राहिले ९. न्यायला येणाऱ्याला तारीख दुसऱ्या दिवसाची सांगा, आणि इमिग्रेशन व बॅगांसाठी तासभर वेगळा ठेवायला सांगा.