जेलीफिशच्या हंगामात डाइव्ह करताना वर येण्याचा बेत आधी ठरवा

जेलीफिशचे थवे बहुधा वरच्या काही मीटरांतच दाटलेले असतात. खाली जाताना तो थर मिनिटभरात ओलांडता येतो. खरी पंचाईत परतताना होते, कारण 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून घेतलेला थांबा, नेमका त्याच गर्दीत येतो. त्यामुळे या दिवसांत डाइव्ह शेवटाकडून आखावी.

डीकंप्रेशनची, म्हणजे वर येताना ठरावीक थांबे घेण्याची, सक्ती होईल अशी डाइव्ह घेऊच नका. नो-डेको मर्यादेच्या (सक्तीच्या थांब्याशिवाय वर येता येते त्या वेळेच्या) बरेच आत राहिलात, तर अगदीच अडचण झाल्यावर सेफ्टी स्टॉप आटोपता घेता येतो; सक्तीचा थांबा तसा टाळता येत नाही. हवा नेहमीपेक्षा 30 बार (टाकीतल्या दाबाचे माप) जास्त राखा. 12 लिटरच्या टाकीत त्याचे 360 लिटर होतात. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा माणूस 5 मीटरवर तिथल्या जास्त दाबामुळे 30 लिटर वापरतो, म्हणजे मोकळी जागा शोधायला साधारण 12 मिनिटे मिळतात.

पाणी पाहताना बोटीवरून नजर टाकणे पुरेसे नाही, पारदर्शक जेलीफिश वरून दिसतच नाहीत. हुड आणि मास्क घालून शिडीवरूनच डोके बुडवा आणि चहूकडे पाहा. फेस आणि काडीकचरा जिथे रेषेत साचतो, तिथे तेही साचतात. त्या रेषेपासून दूर उतरा. बॉक्स जेलीफिश या अतिविषारी प्रकाराचा हंगाम चालू असलेल्या भागात मात्र डाइव्ह रद्दच करावी. रात्रीची तर नकोच, कारण ते टॉर्चच्या उजेडाकडे येतात.

डंखापासून वाचायला जाड सूटच लागतो असे नाही, अंगभर पातळ लायक्राही बहुतेक डंख अडवतो. फटी मात्र राहू देऊ नका: हातमोजे बाहीच्या आत, बूट पायघोळाच्या आत, हुडची झालर कॉलरखाली. ओठ आणि गाल उघडेच राहतात, त्यांवर पेट्रोलियम जेलीचा थर द्या. मास्कच्या कडेला ती लागू देऊ नका, नाहीतर मास्क गळत राहील.

उतरल्यावर पृष्ठभागावर गप्पा नकोत, बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचे जॅकेट) रिकामी करून सरळ खाली जा. अँकरच्या दोराला प्रवाहाने वाहत आलेले तुटके तंतू गुंडाळलेले असतात आणि तुटले तरी ते डंख मारतात. दोर धरलेला हातमोजा तोंडाकडे नेऊ नका. ऑक्टोपसच्या, म्हणजे श्वासाच्या जादा नळीच्या, माउथपीसमध्येही तुकडे अडकतात. तोंडात घेण्यापूर्वी तो उलटा करून हलवा आणि आत हवेचा झोत सोडणारे पर्ज बटण दाबा.

परतीला 10 मीटरवर थांबा, वर पाहत एक पूर्ण गिरकी घ्या, मोकळा पट्टा दिसेल तिकडे आडवे सरका. मग मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता वर या. दोर सोडून येणार असाल तर सिग्नल बॉय (बोटीला जागा दाखवणारा तरंगता फुगा) आधी सोडा. बुडबुड्यांनी जेलीफिश बाजूला सारण्याची युक्ती काही जण वापरतात, पण त्यात तंतू तुटून चेहऱ्यावरच पडतात. डंख बसला तर श्वास रोखून वर पळू नका, वर येताना छातीतली हवा फुगते. जेलीफिशचा डंख बहुधा निभावतो, फुप्फुस फाटले तर निभावत नाही.

बोटीवर समुद्राच्याच पाण्याने जागा धुवा. गोडे पाणी, चोळणे, लघवी, दारू हे सगळे वर्ज्य. उरलेल्या दंशपेशी त्याने फुटू शकतात. तंतू चिमट्याने उचला. बॉक्स जेलीफिशचा संशय असेल तर आधी किमान 30 सेकंद व्हिनेगर ओता, डोळ्यांत मात्र नाही. ब्लूबॉटल या निळ्या, जेलीफिशसारख्या जीवाच्या डंखावर व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. तिथे समुद्राचे पाणी, मग सुमारे 45 अंशांचे गरम पाणी 20 मिनिटे. तापमान मदतनीसाने स्वतःच्या हातावर तपासावे, कारण डंखलेल्या कातडीला चटका नीट कळत नाही. श्वास अडखळला, छाती आवळली किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट रुग्णालय गाठा.

एक घोटाळा नेहमी होतो. इरुकांजी या चिमुकल्या बॉक्स जेलीफिशच्या डंखाची खूण जेमतेम दिसते आणि साधारण अर्ध्या तासाने पाठीत, पोटात कळा येतात. डाइव्हनंतरचे असे दुखणे डीकंप्रेशन आजाराचेही (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याचे) असू शकते. चाबकासारखे वळ दिसत नसतील तर 'डंखच असेल' म्हणून बसू नका. ऑक्सिजन द्या आणि डाइव्हची खोली व वेळ डॉक्टरांना सांगा.

साहित्य धुताना हातमोजे काढू नका, वाळलेला तंतू भिजला की पुन्हा डंखतो. परतताना इंजिनाच्या थंडाव्याच्या पाण्याची धार चालू आहे ना, तेही बघा. जेलीफिश पाणी ओढण्याच्या जाळीवर चिकटून इंजिन तापवतात.