मायांगाची खाज थांबत नसेल, तर आधी तपासणी मागा

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळपासून वाकून काम करणाऱ्या बाईला मायांगाच्या, म्हणजे योनीच्या, बाहेरच्या त्वचेवर खाज सुटली, तर घामाने किंवा ‘उष्णतेने’ होत असेल असे म्हणून ती महिनोन्‌महिने सोसते आणि अगदीच असह्य झाल्यावर नवऱ्याकरवी मेडिकलमधून एखादी ट्यूब मागवते. पुष्कळदा दुखणे तिथूनच गुंतत जाते.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरे कुणाकडून तरी वाचून घ्यावीत. क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ते स्टेरॉइड, म्हणजे खाज आणि सूज दाबणारे औषध, आहे. गजकर्णावर ते लावले की दोन-चार दिवस आराम पडतो, पण बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याची ओळखीची लाल कडा पुसट झाल्याने डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. संपत आलेली, शेपटीकडून गुंडाळलेली ती ट्यूब फेकू नये. जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे यांच्यासोबत ती एका पिशवीत ठेवून दवाखान्यात न्यावी.

दरम्यान साबण, डेटॉल, पावडर, तुरटी, लिंबू आणि कडुनिंबाचा काढा हे सारे बंद करून त्या जागी फक्त साधे पाणी वापरावे. सुती कपडे उन्हात पूर्ण वाळवावेत, आणि फवारणीचे काम असेल तर लघवीला जाण्यापूर्वीही हात धुवावेत. एका वहीत खाज कधी सुरू झाली, रात्री वाढते का, पाळीशी तिचा संबंध आहे का, पांढरे पाणी दह्यासारखे जाते की वास मारते, आणि घरात आणखी कुणाला खरूज किंवा गजकर्ण आहे का, हे लिहून ठेवावे. स्वतःला लिहिता येत नसेल, तर आशाताईंना लिहायला सांगावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर बहुधा हिरव्या पाकिटातल्या गोळ्या मिळतात. जंतुसंसर्ग किंवा बुरशी असेल तर त्यांनी गुण येतो; पण गोळ्या घेऊनही खाज राहिली, तर त्याच गोळ्या पुन्हा घेण्याऐवजी “मला तपासून पाहा” असे स्पष्ट म्हणावे. त्वचेचा आजार पाहिल्याशिवाय कळत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तपासताना महिला कर्मचारी हजर असावी, ही मागणी रास्त आहे. रक्तातील साखरही तपासून घ्यावी, कारण मधुमेहात बुरशी वारंवार उलटते.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उत्तर मिळाले नाही, तर नागपूर, यवतमाळ, अकोला किंवा चंद्रपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अथवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोग विभाग गाठावा. काही ठिकाणी दारावर ‘त्वचा व गुप्तरोग’ अशी पाटी असते. ती वाचून पुष्कळ बाया मागे फिरतात, पण त्यांच्यासाठी दार तेच आहे. पाळी गेलेल्या बाईची त्वचा पांढरट आणि पातळ कागदासारखी झाली असेल व रात्री खाज वाढत असेल, तर ‘लायकेन स्क्लेरोसस’ आहे का, असे नाव घेऊन विचारावे. यावर मात्र डॉक्टर स्वतः तीव्र स्टेरॉइड मलम देतात. ते किती आणि किती दिवस लावायचे हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे, आणि खाज थांबली तरी वर्षातून एकदा दाखवावे, कारण या आजारात पुढे कर्करोग होण्याचा धोका थोडा असतो.

डॉक्टरांनी त्वचेचा तुकडा तपासायला सांगितला, तर घाबरून घरी येऊ नये. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, आणि त्याने आजार पसरत नाही. भरून न येणारी जखम, गाठ किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणे यांपैकी काही असेल, तर वेचणी संपण्याची वाट पाहू नये.

कधी त्वचेवर काहीच दिसत नाही, सगळ्या तपासण्या ठीक येतात, आणि तरीही तीन महिन्यांहून अधिक काळ आग राहते. ‘मनाचे खेळ आहेत’ हे उत्तर तेव्हा स्वीकारू नये. या दुखण्याला ‘व्हल्वोडायनिया’ म्हणतात, त्यावर नसांच्या वेदनेवरची औषधे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम देतात, आणि डॉक्टरांपुढे हे नाव उच्चारण्याचा बाईला पूर्ण अधिकार आहे.