शुश्रूषा केंद्रातील रुग्णाची लघवीची नळी : हेळसांड वेळीच कशी ओळखावी

शुश्रूषा केंद्रात ठेवलेल्या वृद्ध नातेवाइकाला भेटायला गेल्यावर आपण चेहरा पाहतो, जेवणाची चौकशी करतो आणि पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीवरून मात्र संकोचाने नजर वळवतो. हा संकोच रुग्णाला महागात पडू शकतो. कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घातलेल्या नळीची, निगा राखली जाते की नाही, हे ओळखायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. रुग्णाची परवानगी आणि पाच मिनिटे पुरतात.

सुरुवात पिशवीपासून करावी. ती मूत्राशयाच्या पातळीखाली असली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये. पलंगाच्या वरखाली होणाऱ्या कठड्याला पिशवी अडकवलेली असेल, तर कठडा उचलताच तीही वर जाते आणि साचलेली लघवी उलटी मूत्राशयाकडे वाहू लागते; ही चूक सर्रास होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पिशवी अर्धी ते दोनतृतीयांश भरली की रिकामी करावी. त्यासाठी प्रत्येक रुग्णाचे भांडे वेगळे असावे आणि पिशवीची तोटी त्या भांड्याला लागू नये. एकाच भांड्याने ओळीने सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या होताना दिसल्या, तर तिथेच विचारणा करावी.

मग नळीवर बोट ठेवून मांडीपर्यंत जावे. नळी मांडीखाली दबलेली असेल आणि ती उचलल्यावर त्वचेवर लाल खाच दिसली, तर रुग्ण बराच वेळ त्याच कुशीवर पडून आहे असे समजावे. नळी मांडीला पट्ट्याने किंवा चिकटपट्टीने, थोडी ढील ठेवून बांधलेली हवी. आत मूत्राशयात साधारण १० मिलीलीटर पाण्याने फुगवलेला फुगा तिला अडवून धरतो. भरलेल्या पिशवीचा ताण रोज त्या फुग्यावर आणि मूत्रमार्गावर येत राहिला, तर पुरुषांत शिश्नाची खालची बाजू हळूहळू चिरत जाते.

स्वच्छतेसाठी रोज, आणि शौचानंतर प्रत्येक वेळी, साबण व पाणी पुरेसे असते. जंतुनाशकांची गरज नसते. स्त्रियांना पुढून मागे पुसावे. पुरुषांची अग्रत्वचा मागे घेऊन धुतल्यास ती पुन्हा पुढे आणलीच पाहिजे, अन्यथा ती मागेच अडकून सूज येते.

पिशवीत लघवी किती जमते, हेही पाहावे. ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलीलीटर लघवी व्हायला हवी. चार तास पिशवी कोरडी आणि ओटीपोट टणक असेल, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता परिचारिकेला लगेच बोलवावे. नळीच्या बाजूने लघवी झिरपत असेल, तर नळी तुंबली असेल, मूत्राशय आकुंचन पावत असेल किंवा बद्धकोष्ठतेचा दाब येत असेल. केवळ डायपर चढवणे म्हणजे कारण झाकणे होय. (पिशवी जांभळी दिसली तर घाबरू नये, जिवाणूंमुळे असे कधीकधी होते, मात्र डॉक्टरांना दाखवावे.)

संसर्गाबाबत दोन्ही टोकांची चूक होते. नळी असलेल्या रुग्णांत रोज सुमारे ३ ते ७ टक्के जणांच्या लघवीत नव्याने जिवाणू येतात आणि महिनाभरात ते जवळजवळ सर्वांत आढळतात, त्यामुळे गढूळपणा किंवा वास एवढ्यावरून प्रतिजैविके सुरू करणे चूक आहे. याउलट ताप, थंडी, कंबरेत किंवा ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त जाणे, अचानक वाढलेली ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासले पाहिजे. वृद्धांत ताप नसतानाही गंभीर संसर्ग असू शकतो. तपासणीचा नमुना पिशवीतून कधीही घेऊ नये. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर ती बदलून नव्या नळीतून घ्यावा.

यानंतर केंद्राकडे नोंदी मागाव्यात : नळी कधी घातली, कोणत्या कारणासाठी घातली, पुढे कधी बदलायची, रोज किती लघवी होते. यांतील कारणाचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लघवी अडणे, माकडहाडाजवळची खोल शय्याव्रणे ओली न होऊ देणे, अखेरच्या दिवसांतील आराम ही योग्य कारणे आहेत; कर्मचाऱ्यांचे कपडे बदलण्याचे श्रम वाचणे हे कारण नव्हे. रकाना कोरा असेल, तर नळी काढता येईल का, असे डॉक्टरांना लेखी विचारावे. आपल्याला आढळलेल्या त्रुटी तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवाव्यात आणि तक्रार प्रमुख परिचारिकेकडे लेखी देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रार पाळी बदलली की विरून जाते.

नळी स्वतः कधीही ओढू नये. फुगा रिकामा न करता ती काढली, तर मूत्रमार्ग फाटतो. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून काढली गेल्यावर चार ते सहा तासांत लघवी झाली का, याची नोंद मात्र आग्रहाने मागावी, आणि झाली नसेल तर मूत्राशय तपासून घ्यावे.