यीस्टच्या पेशीविभाजनातील जनुकीय आंतरक्रिया तपासताना या चुका टाळा

दुहेरी म्युटंट (दोन जनुके बिघडवलेला यीस्ट) हाती आला नाही, एवढ्यावरून तो जगूच शकत नाही असे ठरवणे ही यीस्टवर नव्याने काम करणाऱ्यांची सर्वांत चिवट चूक आहे. एका विद्यार्थ्याने सीएलबी२ आणि सीएलबी५ या सायक्लिन (पेशीविभाजन चालवणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकांच्या विलोपनांचा, म्हणजे ती काढून टाकलेल्या वाणांचा, संकर केला; काढलेल्या प्रत्येक जनुकाच्या जागी एकेका प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक होते. टेट्रॅड (एका पेशीतून निघालेले चार बीजाणू) फोडण्यात, म्हणजे ते वेगळे करून वाढवण्यात, वेळ जातो म्हणून त्याने द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशी मारून उरलेले बीजाणू सरसकट जी४१८ आणि नोर्सिओथ्रिसिन ही दोन्ही प्रतिजैविके घातलेल्या प्लेटवर पसरले. एकही वसाहत उगवली नाही, आणि संश्लेषी मारकता (एकेकटे विलोपन सोसते, पण दोन्ही मिळून पेशी मरते) सापडल्याचे त्याने बैठकीत जाहीरही केले. मी टेट्रॅड फोडायला लावले, तेव्हा जवळपास प्रत्येकातले चारही बीजाणू जिवंत निघाले. दोन केवळ एका औषधाला दाद न देणारे, तर दोन केवळ दुसऱ्याला. ही दोन्ही जनुके सोळाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असल्यामुळे त्यांच्यामध्ये पुनःसंयोजन (जोडीच्या गुणसूत्रांमधील तुकड्यांची अदलाबदल) सहसा होतच नाही, म्हणजे दुहेरी म्युटंट मेला नव्हता, तो तयारच झाला नव्हता. सातव्या गुणसूत्रावरील सीएलबी१ आणि सीएलबी६ यांचेही असेच आहे.

असंलग्न (एकमेकांपासून दूर किंवा वेगळ्या गुणसूत्रांवरील) जनुकांत जनक (चारही बीजाणू पालकांसारखे), अजनक (दोन दुहेरी म्युटंट, दोन साधे) आणि मिश्र (चारही वेगवेगळे) टेट्रॅडचे प्रमाण १:१:४ असते. मारकता खरी असेल तर मिश्र टेट्रॅडमध्ये एक आणि अजनक टेट्रॅडमध्ये दोन बीजाणू मेलेले दिसलेच पाहिजेत. पुरावा तो आहे. म्हणून संकरापूर्वी मी जनुकांचे स्थान पाहते आणि किमान वीस टेट्रॅड फोडल्याशिवाय मत देत नाही. जनुके संलग्न असतील, तर एकाची प्रत युरा३ जनुक असलेल्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरील छोट्या डीएनए-वर्तुळावर) ठेवून त्याच एकगुणित पेशीच्या गुणसूत्रातून दोन्ही काढावीत आणि मग ५-एफओएवर (युरा३ असलेल्या पेशी मारणाऱ्या रसायनावर) प्लाझ्मिड गमावलेली पेशी जगते का ते पाहावे. काम लांबते, पण उत्तर भरवशाचे मिळते.

दुसरी चूक तापमान-संवेदी म्युटंटवरून मार्गांचा क्रम ठरवण्याची. यीस्ट-संशोधक हार्टवेल यांच्या सीडीसी (पेशीविभाजनचक्राच्या म्युटंटच्या) संग्रहातील असे म्युटंट सुमारे २३ अंशांना वाढतात आणि ३७ अंशांना थांबतात. मधल्या तापमानाला प्रथिन अर्धवट काम करत असते. असे दोन दुबळे म्युटंट एकत्र मेले, तर ते समांतर मार्गांतलेच असतील असे नाही, कारण एकाच मार्गातील दोन कमजोर पायऱ्यांनीही पेशी मरते. याउलट सीएलएन१, सीएलएन२ आणि सीएलएन३ ही तिन्ही सायक्लिन जनुके काढली की पेशी जी१ अवस्थेत (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या टप्प्यात) अडकते, आणि सिक१ (चक्र रोखणाऱ्या प्रथिनाचे जनुक) हेही काढले की ती पुन्हा विभागते. इथे सर्व विलोपने पूर्ण आहेत, त्यामुळेच सिक१चा अडसर दूर करणे हे त्या सायक्लिनांचे अत्यावश्यक काम आहे, हा निष्कर्ष टिकतो.

इन्क्यूबेटरच्या आकड्यावर विसंबू नका, आत तापमापक ठेवा.

हळू वाढणारा म्युटंट पुन्हा पुन्हा रेघून वाढवू नका; प्लेटवर अचानक उठलेली मोठी वसाहत बहुधा मूळ दोष दडपणाऱ्या नव्या उत्परिवर्तनाची असते. मी मूळ वसाहत पहिल्याच दिवशी उणे ८० अंशांना गोठवते आणि प्रत्येक प्रयोग तिथूनच सुरू करते.