ग्रोथ फॅक्टर दिला, तरी जीन हलत नाही? या चुका टाळा

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढीचा किंवा बदलाचा संदेश देणारं प्रोटीन. ते दिलं, तरी हव्या त्या जीनचं काम वाढलेलं दिसत नाही, ही सोलापुरात स्टेम सेलवर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांची कायमची तक्रार. आणि लगेच पेशींवर खापर फुटतं. पेशी बदलण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

आधी पार्सल. मे महिन्यात इथला पारा चाळिशीपार असतो. पुण्याहून निघालेला डबा शनिवार-रविवार कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडला, तर आतल्या बर्फाचं पाणी होतं. कोरडी पावडर एक वेळ तग धरते, विरघळवलेलं प्रोटीन नाही. त्यामुळे माल सोमवारीच पाठवायला सांगा. व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या, पावडर झाकणाला चिकटलेली असते. विरघळवल्यावर छोटे अ‍ॅलिकॉट (एकेका वापरापुरते भाग) करून गोठवा, एकच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवू नका. एफजीएफ-२ हा ग्रोथ फॅक्टर तर ३७ अंशांवर दिवसभरातच बराचसा निकामी होतो. मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) रोज बदला, रविवारीसुद्धा.

सगळ्यात जास्त प्रयोग मात्र वेळ चुकल्याने वाया जातात. फॅक्टर रिसेप्टरला (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रोटीनला) चिकटला की काही मिनिटांत ईआरके हे संदेश आत पोचवणारं प्रोटीन सक्रिय होतं. सी-फॉस या झटपट जागणाऱ्या जीनचा आरएनए अर्ध्या-एक तासात शिखर गाठतो आणि उतरतो. चोवीस तासांनी आरएनए काढला, तर हाती काहीच लागत नाही. पेशी पुढे काय होणार, हेही सिग्नल किती वेळ टिकला यावर ठरू शकतं. रॅट जातीच्या उंदराच्या पीसी१२ पेशी बघा: ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरने ईआरके थोडा वेळच पेटतं आणि पेशी वाढत राहतात; एनजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरने तेच ईआरके तासन्‌तास चालू राहतं आणि पेशींना चेतापेशींसारखे तंतू फुटतात. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. म्हणून ०, १५, ३० मिनिटं, १, ६, २४ तास असे नमुने घ्याच.

आदल्या रात्री मीडियातलं सिरम (रक्ताचा पेशीविरहित द्रव भाग) कमी करायला विसरू नका. सिरममध्ये मुळातच ग्रोथ फॅक्टर असतात, मग तुमच्या फॅक्टरचा परिणाम वेगळा दिसणार कसा?

प्रोटोकॉल कोणत्या प्राण्याच्या पेशींचा आहे, तेही वाचा. बीएमपी-४ हे प्रोटीन एलआयएफ या दुसऱ्या प्रोटीनच्या जोडीने माऊस जातीच्या उंदराच्या भ्रूणीय स्टेम सेलना आहे तसं ठेवतं, माणसाच्या पेशींना मात्र वेगळ्या वाटेला लावतं.

आणि क्यूपीसीआरमध्ये (जीनचा आरएनए किती आहे हे मोजणाऱ्या चाचणीत) बीटा-अ‍ॅक्टिन हे जीन डोळे झाकून कंट्रोल (तुलनेसाठीचं स्थिर जीन) म्हणून घेऊ नका. सिरम किंवा ग्रोथ फॅक्टर मिळाला की हे जीन स्वतःच वाढतं, आणि त्याने भागल्यावर तुमच्या जीनची खरी वाढ झाकली जाते. दोन-तीन कंट्रोल जीन आधी त्याच नमुन्यांवर तपासा, जे स्थिर राहतील तेच वापरा.