वर्गात तीन-चार भाषांची मुलं असतील तर एआय कसं वापरायचं

मुलं घरी एक भाषा बोलतात आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेत, हे जगभर चालतं. युनेस्कोच्या मते जगातल्या साधारण ४० टक्के लोकांना, त्यांना समजेल अशा भाषेत शिक्षणच मिळत नाही. एआयने इथे बरीच मदत होते, पण अख्खं पुस्तक टाकून 'भाषांतर कर' म्हटलं की घोळ झालाच समजा.

१. आधी मुलांनाच विचारा. कोण कुठली भाषा बोलतं आणि कुठली वाचतं, हे दोन्ही. शाळेच्या नोंदीवर जाऊ नका. बोलता येते पण वाचता येत नाही अशा मुलाला छापील पान देऊन काय उपयोग, त्याला ऑडिओच लागणार.

२. टूलला ती भाषा किती येते ते बघा. गूगल ट्रान्सलेटने २०२४ मध्ये ११० नव्या भाषा घेतल्या, पण यादीत नाव आहे म्हणजे भाषा नीट येते असं नाही, नेटवर ज्या भाषेत मजकूरच कमी तिथे एआय बिनधास्त ठोकून देतं. चार-पाच ओळी करून घ्या आणि ती भाषा बोलणाऱ्या कुणालातरी, पालक असले तरी चालतील, वाचून दाखवा.

३. भाषांतराआधी धडा सोपा करून घ्या. खरी मेहनत इथेच आहे. धड्यातल्या महत्त्वाच्या शब्दांची यादी तुम्ही बनवा, नाहीतर एकच संज्ञा पानागणिक बदलते. मग असं सांगा: "दहा वर्षांच्या मुलाला कळेल असं लिही, एका वाक्यात एकच गोष्ट, आकडे बदलू नकोस, यादीतले शब्द तसेच ठेव, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाक."

४. भाषांतर झालं की ते एआयकडूनच परत मूळ भाषेत करून बघा, पण नव्या चॅटमध्ये. त्याच चॅटमध्ये केलं तर मूळ मजकूर समोरच असतो, त्यामुळे चुका झाकल्या जातात. 'गरम नळीला हात लावू नका' मधला 'नका' गळला तर काय होईल, विचार करा! तरी भाषा ओबडधोबड झालीय का हे यातून कळत नाही, त्याला माणूसच लागतो.

५. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी कॅप्शन लावा, पण आधी तपासा. बोलणं ऐकून ते लिहून काढणारं ओपनएआयचं व्हिस्पर हे टूल २०२२ मध्ये आलं तेव्हा ६,८०,००० तासांच्या ऑडिओवर शिकवलेलं होतं आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश इंग्रजी, म्हणजे बाकी भाषांच्या वाट्याला किती आलं बघा.

६. मुलांची नावं, मार्क, आजारपण यातलं काहीही चॅटमध्ये टाकायचं नाही.

आणि हो, 'हे एआयने लिहिलंय का' हे ओळखणारी टूल्स मार्क देताना वापरूच नका. २०२३ च्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधसुद्धा अशा टूल्सनी मोठ्या प्रमाणात एआयचे ठरवले होते. ज्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप, तीच यात अडकणार. त्यापेक्षा मुलाला समोर बसवून, त्याला जमेल त्या भाषेत, काय लिहिलंय ते सांगायला लावा.