मॉर्मन ग्रंथ तपासताना : श्रद्धेचं काम कोणतं, पुराव्याचं कोणतं

'बुक ऑफ मॉर्मन खरं आहे का?' एवढा एकच प्रश्न घेऊन बसलात तर पहिल्याच संध्याकाळी गाडी अडेल. बुक ऑफ मॉर्मन हा मॉर्मन पंथाचा धर्मग्रंथ. सोन्याच्या पाट्यांवरच्या प्राचीन नोंदीचं हे भाषांतर आहे, असं पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ सांगे. 'खरं आहे का' या प्रश्नात वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. इ.स.पू. 600 च्या सुमारास जेरुसलेम सोडून समुद्रमार्गे अमेरिकेत पोहोचलेल्या लोकांची ही नोंद आहे का, हा इतिहासाचा प्रश्न. 1829 साली जोसेफ स्मिथने हा मजकूर कसा तयार केला, हाही इतिहासाचाच, पण त्याची साधनं अगदी निराळी. आणि या पानांतून देव माझ्याशी बोलतो का, हा श्रद्धेचा प्रश्न. पहिल्या दोहोंची उत्तरं कागद, माती आणि भाषा यांतून मिळतात, तिसऱ्याचं उत्तर माणसं प्रार्थनेत शोधतात. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. श्रद्धाळू ती करतात, टीकाकारही तितक्याच वेळा करतात.

तेव्हा आधी वही घ्या आणि पानावर पाच रकाने आखा. पहिल्यात दावा, अध्याय आणि ओवीच्या आकड्यासह. दुसऱ्यात, मजकूर प्राचीन असेल तर काय सापडायला हवं. तिसऱ्यात, तो एकोणिसाव्या शतकातला असेल तर काय दिसायला हवं. चौथ्यात प्रत्यक्ष काय सापडलं, आणि पाचव्यात ते कोणी, कधी, कशावरून सांगितलं. दुसरा आणि तिसरा रकाना पुरावा वाचण्याआधी भरायचा. नंतर भरलात तर हात आपोआप सापडलेल्या गोष्टीला जुळेल असंच लिहितो. एका बैठकीला एकच दावा घ्या. घोडे, डीएनए आणि साक्षीदार एकाच रात्री उरकायला गेलात तर हाती फक्त मत उरेल.

कागद कोणते वाचायचे

मराठीत इतिहास वाचणाऱ्याला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक नव्याने शिकवावा लागत नाही. तोच फरक इथे लावायचा. जोसेफ स्मिथ पेपर्स या प्रकल्पाने त्याची पत्रं, रोजनिशा आणि हस्तलिखितं छायाचित्रांसह इंटरनेटवर फुकट उपलब्ध केली आहेत, सुरुवात तिथून करा. बुक ऑफ मॉर्मनचं मूळ हस्तलिखित 1841 मध्ये इलिनॉय राज्यातल्या नौवू इथल्या एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवलं गेलं. 1882 मध्ये बाहेर काढलं तेव्हा ओलीने त्याची वाट लागली होती, आज जेमतेम 28 टक्के उरलं आहे. छपाईसाठी केलेली नक्कल मात्र जवळजवळ पूर्ण आहे. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी पहिल्या आवृत्तीच्या 5000 प्रती निघाल्या, आणि त्या खर्चासाठी स्मिथचा पाठीराखा मार्टिन हॅरिस याने आपलं शेत गहाण टाकलं होतं.

आजची प्रत 1830 च्या प्रतीशी ताडून पाहिलीत तर हजारो फरक दिसतील. दचकू नका आणि 'सापडलं!' म्हणून नाचूही नका. बहुतेक फरक व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे आहेत, कारण हस्तलिखितात विरामचिन्हं जवळपास नव्हतीच, ती छापखान्यात घातली गेली. ते बाजूला काढा आणि अर्थ बदलणारे मूठभर ठेवा. उदाहरणार्थ 1 नेफी 11:18 मध्ये (नेफी, मोसाया, आल्मा, मोरोनाय ही बुक ऑफ मॉर्मनमधल्या पुस्तकांची नावं) 1830 साली 'देवाची आई' होतं, 1837 मध्ये ते 'देवाच्या पुत्राची आई' झालं. मोसाया 21:28 मध्ये राजा बेंजामिनच्या जागी पुढे राजा मोसाया आला, कारण कथेच्या क्रमाप्रमाणे बेंजामिन तोवर वारलेला होता. हे दोन बदल शेकडो स्वल्पविरामांपेक्षा जास्त बोलतात.

सुरुवात बुक ऑफ अब्राहामपासून करा

बहुतेक जण घोड्यांपासून सुरू करतात. आमचा सल्ला उलटा आहे. सोन्याच्या पाट्या आज कोणाला पाहता येत नाहीत, पण बुक ऑफ अब्राहाम या स्मिथच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाबतीत, जो बायबलमधल्या अब्राहामच्या लेखनाचा इजिप्शियन पपायरसवरून केलेला अनुवाद म्हणून त्याने दिला, मुळाचा काही भाग आपल्या हातात आहे. अशी सोय धर्मग्रंथांच्या अभ्यासात क्वचितच मिळते.

घटनाक्रम असा. 1835 मध्ये ओहायोतल्या कर्टलंड गावी चार ममी आणि त्यांच्यासोबतचे पपायरस (वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदावरच्या पोथ्या) स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2400 डॉलरना विकत घेतले. 1842 मध्ये नौवूच्या 'टाइम्स अँड सीझन्स'मध्ये अनुवाद आणि चित्रं छापून आली, आणि 1880 मध्ये तो मजकूर अधिकृत धर्मग्रंथात गेला. शिकागोच्या 1871 च्या आगीत पपायरस जळाले असंच सगळे धरून चालले होते. मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांचे तुकडे सापडले आणि 1967 मध्ये ते मॉर्मन चर्चच्या स्वाधीन झाले.

आता चित्र क्रमांक 1 समोर घ्या. एका बाजूला 1842 चं छापील चित्र, दुसऱ्या बाजूला पपायरसच्या तुकड्याचं छायाचित्र. सिंहाच्या आकाराच्या पलंगावर एक माणूस निजलेला, शेजारी एक उभी आकृती, पलंगाखाली चार घट. छापील चित्रात उभ्या आकृतीला माणसाचं डोकं आणि हातात सुरी आहे, आणि खालचं स्पष्टीकरण सांगतं की हा पुजारी अब्राहामचा बळी द्यायला निघाला आहे. पपायरसवर नेमकी ती जागा फाटलेली आहे. पपायरस ज्या कागदावर चिकटवला आहे, त्यावर गेलेला भाग नंतर रेषांनी पुरा केलेला दिसतो. इजिप्तविद्येचे अभ्यासक अशी इतर चित्रं ताडून सांगतात की इथे कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस हा इजिप्शियन देव असतो, निजलेला मृत ओसायरिस या मृतांच्या देवाच्या रूपात असतो आणि चार घट म्हणजे होरस देवाचे चार पुत्र. बाजूच्या चित्रलिपीत होर नावाच्या पुजाऱ्याचं नाव आहे. ही त्याच्या अंत्यविधीची पोथी आहे, इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी राजांच्या काळातली, म्हणजे अब्राहामच्या परंपरागत काळानंतर हजार-दीड हजार वर्षांहूनही उशिराची.

इथे थांबून वहीत लिहा, आणि बचावही त्याच पानावर लिहा. चर्चने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे मोकळेपणाने मान्य केलं आहे की सापडलेल्या तुकड्यांवरची अक्षरं छापील अनुवादाशी जुळत नाहीत. मग दोन मार्ग सुचवले जातात. एक, मूळ मजकूर हरवलेल्या भागात होता. दोन, पपायरस हे केवळ निमित्त होतं, त्यांच्याकडे पाहता पाहता साक्षात्कार झाला. पहिला मार्ग तपासता येतो. गुंडाळलेल्या पोथीला लागलेली कीड किंवा डाग प्रत्येक वेढ्यावर पुन्हा उमटतो आणि आत जावं तसं दोन डागांमधलं अंतर कमी होत जातं. त्यावरून हरवलेली लांबी काढता येते. मात्र अगदी थोड्या फरकाने केलेल्या मापांमुळे दोन बाजूंची उत्तरं एकमेकांपासून फार लांब गेली आहेत, म्हणून कोणाचाही अंतिम आकडा उचलण्याआधी त्याने अंतर कुठून कुठवर मोजलं ते बघा. शिवाय अब्राहाम 1:12 वाचा. मजकूर स्वतःच सांगतो की या नोंदीच्या सुरुवातीला दिलेलं चित्र पाहा. म्हणजे चित्र आणि मजकूर यांची गाठ ग्रंथानेच मारली आहे आणि हरवलेल्या भागाच्या युक्तिवादाला तिचं उत्तर द्यावं लागतं. दुसरा मार्ग, साक्षात्काराचा, कुठल्याही पपायरसने खोडता येत नाही. म्हणूनच तो पुराव्याच्या रकान्यात न लिहिता श्रद्धेच्या पानावर लिहायचा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त जागा बरोबर हवी.

मजकुरातला मजकूर

पुढची बैठक यशयाची. 2 नेफी 12 ते 24 हे अध्याय म्हणजे बायबलमधल्या यशया 2 ते 14, आणि शब्दरचना बऱ्याच अंशी 1611 च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतराची. दोन्ही मजकूर शेजारी ठेवा आणि फरकांवर खूण करा. किंग जेम्समध्ये मुळात नसलेले, अर्थ पुरा करण्यासाठी घातलेले शब्द तिरप्या अक्षरांत छापलेले असतात. फरक किती वेळा त्याच शब्दांपाशी होतो ते मोजा. तिरप्या अक्षरांशी संबंध नसलेले फरकही वेगळे टिपा. 2 नेफी 12:16 मध्ये 'समुद्राची जहाजं' हे जास्तीचं पद आहे. हिब्रूत ते नाही, पण जुन्या ग्रीक भाषांतरात त्याच ठिकाणी समुद्राचा उल्लेख आहे. असे धागे टाकून द्यायचे नाहीत. त्यांचं वजन मात्र करायचं.

जास्त अवघड जागा यशया 48 ते 53 या भागाची. बहुसंख्य अभ्यासक यशया 40 पासूनचा भाग बाबेलच्या बंदिवासाच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याचा मानतात. ग्रंथाप्रमाणे जेरुसलेम सोडणाऱ्यांचा प्रमुख लेहाय तर त्याआधीच निघालेला. तरीही 1 नेफी 20-21 मध्ये यशया 48-49 आहे आणि मोसाया 14 मध्ये यशया 53. श्रद्धाळू म्हणतात की भविष्यवाणी शक्य आहे हे तुम्ही मानतच नाही, म्हणून ही तारीख. हा आक्षेप गंभीरपणे घ्या. पण अभ्यासकांची तारीख केवळ त्यावर उभी नाही. त्या अध्यायांचे श्रोते आधीच परदेशी बंदिवासात आहेत, आणि 'बाबेलमधून निघा' हे त्यांना आजचं सांगणं म्हणून सांगितलं जातं. तुमची नोंद या दोन्ही वाक्यांसह हवी.

माती काय सांगते

अमेरिकेतले घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले आणि स्पॅनिश लोकांबरोबर परत आले. बुक ऑफ मॉर्मनमध्ये मात्र मधल्या काळात घोडे आहेत. उत्तर असं दिलं जातं की दुसऱ्याच प्राण्याला 'घोडा' म्हटलं असेल. हे मुळातच हास्यास्पद नाही, मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषकांनी स्पॅनिशांच्या घोड्याला हरणाचंच नाव दिलं होतं. पण पुढे वाचा. आल्मा 18:9 मध्ये घोडे रथांबरोबर येतात, तेव्हा हरीण म्हटल्यावर रथाचं काय, हेही सांगावं लागतं. एक अडचण सोडवणारं उत्तर शेजारच्या ओळीत टिकतं का, ही कसोटी नेहमी लावा.

बार्ली याच्या उलट. ग्रंथात तिचाही उल्लेख आहे. अमेरिकेत लागवडीची बार्ली नव्हतीच, असं टीकाकार ठामपणे लिहीत. मग अमेरिकेतल्या स्थानिक जातीच्या बार्लीची लागवड केल्याचे पुरावे ॲरिझोनात मिळाले. ही जुन्या जगातली बार्ली नव्हे, तरी 'नव्हतीच' हे विधान मागे घ्यावं लागलं. 'सापडलं नाही' लिहिताना 'किती शोधलं' हेही म्हणून लिहायचं. घोड्याची हाडं टिकतात आणि अमेरिकेत उत्खननं भरपूर झाली आहेत, तिथे न सापडणं वजनदार आहे. बियांचं तसं नाही.

नहोम हा समर्थकांचा सगळ्यात चांगला मुद्दा, तो टाळू नका. 1 नेफी 16:34 मध्ये अरबस्तानातल्या प्रवासात नहोम नावाची जागा येते. येमेनमधल्या मारिबच्या मंदिरात इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातल्या वेद्या सापडल्या, त्यांवर दात्याच्या कुळाच्या नावात न-ह-म ही व्यंजनं आहेत. काळ जुळतो, दिशाही बरीच जुळते. विरुद्ध बाजूला तीन व्यंजनांच्या जुळणीत योगायोगाला वाव असतो, आणि त्या प्रदेशाचं नाव असलेले युरोपीय नकाशे 1830 च्या आधीच छापलेले होते. जोसेफ स्मिथने असा नकाशा पाहिल्याचा पुरावा नाही, हेही त्याच ओळीत लिहा.

साक्षीदार आणि बनावट कागद

सोन्याच्या पाट्या पाहिल्याची साक्ष ग्रंथासोबत छापली आहे, एक तिघांची आणि एक आठ जणांची. तीन साक्षीदारांपैकी ऑलिव्हर कौडरी आणि मार्टिन हॅरिस चर्चपासून दुरावले आणि नंतर परतले. डेव्हिड व्हिटमर परतलाच नाही. तरीही तिघांनी आपली साक्ष मागे घेतली नाही. याला किंमत द्या. मग नेमकं काय पाहिलं म्हणतात ते बघा. तिघांच्या निवेदनात देवदूत आहे, आठ जणांच्या निवेदनात पाट्या हातात घेतल्याचं आहे, आणि दोन्ही निवेदनं सामूहिक आहेत. प्रामाणिक साक्षीदार आणि अचूक अर्थ लावणारा साक्षीदार या दोन वेगळ्या गोष्टी. पुढच्या मुलाखतींतलं काही घेताना घटनेनंतर किती वर्षांनी आणि कोणी लिहून घेतलं, ते पाचव्या रकान्यात टाका.

तो रकाना किती मोलाचा, ते मार्क हॉफमन प्रकरणाने दाखवून दिलं. 1980 च्या दशकात त्याने आरंभीच्या मॉर्मन इतिहासाचे 'अस्सल' कागद विकले, भल्याभल्या जाणकारांनी ते खरे मानले. कागद जुना होता आणि मजकूर प्रत्येकाला हवा तसा होता. 1985 मध्ये बिंग फुटायची वेळ आली तेव्हा त्याने सॉल्ट लेक सिटीत बॉम्बने दोन माणसं मारली. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कृत्रिमरीत्या जुन्या केलेल्या शाईला मगरीच्या कातडीसारखे तडे दिसले आणि बनावट उघडी पडली. 1980 ते 1985 मधल्या लेखनात एखादा खळबळजनक कागद उद्धृत दिसला, तर तो कोणाकडून आला हे आधी शोधा.

श्रद्धेचं पान

मोरोनाय 10:4 सांगतो की मनापासून विचारा, देव सत्य दाखवील. अनेकांचं आयुष्य या प्रार्थनेने बदललं आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्याला हा विषय कळलेला नाही. पण त्या अनुभवाने वेद्यांवरची व्यंजनं किंवा पपायरसचा काळ ठरत नाही. तितकाच उत्कट अनुभव परस्परविरोधी ग्रंथांच्या भक्तांनाही येतो. उलट, पाट्या दाखवता येत नाहीत एवढ्यावरून त्या प्रार्थनेत काहीच घडलं नाही असंही सिद्ध होत नाही. कम्युनिटी ऑफ क्राइस्ट या दुसऱ्या शाखेत ग्रंथाला प्रेरित मानून त्याच्या ऐतिहासिकतेचा आग्रह न धरणारे पुष्कळ आहेत. ती भूमिका घ्यायची तर एक अडचण समोर ठेवा. ग्रंथाचं शीर्षकपृष्ठच स्वतःला प्राचीन नोंदींचा संक्षेप म्हणवतं.

आणि प्रत्येक कसोटी आपल्या ग्रंथालाही लावा. अब्राहामच्या अस्तित्वाचा बायबलबाहेरचा समकालीन पुरावा नाही, म्हणून बायबल मानणाऱ्याने तोच मुद्दा फक्त मॉर्मनांवर रोखू नये. जेरुसलेम उत्खननात सापडतं, म्हणून तिथे घडल्याचं सांगितलेलं सगळं सिद्ध होत नाही.

मॉर्मन स्नेह्याशी बोलायचं असेल तर यादी घेऊन जाऊ नका. एक पान घेऊन जा, बचावाचा रकाना त्यांच्याकडूनच भरून घ्या आणि संस्थेचं पूर्ण नाव, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', वापरा, 2018 पासून चर्चचा तसा आग्रह आहे. वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तारीख घाला. बुक ऑफ मॉर्मनच्या 1981 च्या प्रस्तावनेत लामनाइट, म्हणजे ग्रंथातल्या दोन मुख्य लोकसमूहांपैकी एक, हे अमेरिकन आदिवासींचे 'मुख्य पूर्वज' होते. डीएनए संशोधनातून आदिवासींचं मूळ प्रामुख्याने आशियात असल्याचं पुढे आल्यानंतर तिथे 'पूर्वजांपैकी' एवढंच उरलं. ग्रंथाची कोणती प्रत वाचली, तेही त्याच ओळीत लिहा.